तालुक्याच्या वकिलाची जिंदगी

एकोणिसाव्या शतकात तालुक्याच्या गावी वकिली आणि संसार एकाच छपराखाली चालत. पुढे वाटण्या झाल्या, वाडे विकले गेले. त्याबरोबर जे गेले किंवा जाते आहे, त्याची ही यादी.

सनद. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने वकिलांच्या सनदांना कायदेशीर चौकट दिली. पुढे कॉलेजची पायरी न चढताही परीक्षा देऊन डिस्ट्रिक्ट प्लीडर होता येई. प्लीडर, वकील, मुखत्यार अशा पायऱ्या होत्या आणि कोण कुठल्या पायरीवर आहे हे गावाला ठाऊक असे. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने सगळ्यांचा एकच वर्ग केला. चौकटीतली सनद भिंतीवरून उतरली.

ओसरी. अशील बैलगाडीने आदल्या संध्याकाळीच येई. गाठोडे उशाला घेऊन ओसरीवर झोपे, पहाटे आडावर तोंड धुई. वकिलाशी खरे बोलणे होई ते रात्री, कंदिलाच्या उजेडात. कोर्टात सांगायची हकिकत आणि घडलेली हकिकत यांतले अंतर तिथे मोजले जाई.

रुमाल. कपाळ पुसायचा नव्हे, दप्तर बांधायचा. लाल खारव्याच्या चौकोनी कापडात एकेका खटल्याचे कागद: फिर्याद, कैफियत, साक्षी, हुकूमनाम्याची नक्कल, दरखास्त. दावा जिंकला तरी रुमाल सुटत नसे, कारण बजावणी बाकी असे.

मोडी. गहाणखते, खरेदीखते, सावकाराच्या वह्या, सगळे मोडीत. झरझर लिहिलेला मजकूर वाचून त्यातली मेख काढणे ही वकिलाची पहिली कमाई. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांकडून हेच कागद मागून जाळले. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता देण्याघेण्याचा हिशेब मुळापासून तपासावा, असे त्याने ठरवले. जुन्या वह्या वाचता येणाऱ्या वकिलाचा भाव वधारला. आज त्याच्याच पणतवंडांना घरचा कागद उलटा की सुलटा हे कळत नाही.

बोरू, दौत, वाळूची डबी. डबी कारकुनाच्या ताब्यात. शाई वाळवायला वाळू टाकायची, झटकायची, परत डबीत भरायची. कारकून पगारापेक्षा अशिलाने हातावर ठेवलेल्या आण्या-दोन आण्यांवर जगे.

पगडी. कोर्टात जाताना डोक्यावर, घरी खुंटीवर. अंगरख्यावर उपरणे. शतक सरता सरता अंगरख्याच्या जागी कोट आला, पगडी मात्र काही काळ टिकून राहिली. ती बांधून देणारे कारागीर आता शोधावे लागतात.

फी. थोडी रोख, बाकी तांदूळ, गूळ, तूप, आंब्याची पाटी. खटला हरला तरी कोहळा येई. हे जमेला कुठे धरायचे, हे वकिलाच्या वहीत नव्हते, बायकोच्या डोक्यात होते.

चूल. या धंद्याचे खरे भांडवल. ओसरीवरचा अशील ताटावर येई, शिवाय वार लावून जेवणारी गरीब मुले. रांधायला घरधनीण आणि बहुधा एखादी विधवा आत्या किंवा नणंद. वकिलाचे नाव झाले ते कोर्टात, टिकले ते स्वयंपाकघरात. तिच्या नावाचा एकही कागद रुमालात नाही.

रिपोर्ट. १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका निघू लागली. टपालाने आलेले अंक बांधून घ्यायचे आणि कपाटात वर्षवार लावायचे. त्यांच्या कातडी पाठींवरून अशील वकिलाची विद्वत्ता जोखत.

सार्वजनिक काम. वाचनालय, शाळा, म्युनिसिपालिटी, दुष्काळाचा अर्ज यांतले प्रत्येक काम वकिलाच्या दारी येई. साताऱ्यात जन्मलेले गणेश वासुदेव जोशी पुण्यात वकील होते. १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी राहिली ती त्यांच्या खटपटीने, म्हणून ते सार्वजनिक काका. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी बायकांसाठी स्त्रीविचारवती सभा चालवली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेण्याची छाती काकांनीच दाखवली. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली, तेव्हा स्वागताध्यक्ष होते तिथले वकील दादासाहेब खापर्डे. अध्यक्ष शंकरन नायर, तेही वकील.

मुलगा. थोरल्याला पुण्या-मुंबईस पाठवायचे, एल्‌एल्‌.बी. करायचे आणि परत आणून आपल्या गादीवर बसवायचे, हा बेत. तो क्वचितच साधला. शिकलेला मुलगा हायकोर्टाजवळच राही किंवा सरकारी नोकरी धरी.

मुलगी. यादीत तिची वस्तूच नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा १९२३ मध्ये झाला. तोवर वकिलाच्या हुशार लेकीने ओसरीवरचे खटले दाराआडूनच ऐकले.

या यादीतले बरेचसे जाणारच होते, आणि काही गेले ते बरेच झाले. पण रुमाल अजून आहेत: माळ्यावर, फडताळात, वाटणीत कोणालाच नको असलेल्या पेटीत. एका तालुक्याची जमीन, कर्जे, दत्तके आणि भांडणे त्यांत आहेत. सरकारी दप्तरात निकाल सापडेल. निकालाआधीची माणसे याच कागदांत आहेत. तुमच्या घरी असा रुमाल असेल तर तो रद्दीत घालू नका. मोडी वाचणाऱ्या एखाद्याला आधी दाखवा, आणि सांभाळणे जमत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे विचारणा करा.