फोर्टातला सह्याद्री

फोर्टात पायी हिंडायचं तर वार रविवार असावा आणि पावसाची मोठी सर नुकतीच ओसरलेली असावी. भिजल्यावर इथले दगड आपणहून रंग दाखवतात. हायकोर्टाच्या काळ्या पाषाणावर निळसर झाक चढते, डेव्हिड ससून वाचनालयाचा मालाडी दगड हळदीसारखा उजळतो. कमानी आणि मनोरे विलायती वळणाचे, पण काळा चिरा अस्सल इथला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातूनच सह्याद्री घडला आणि त्याच कुळातला कातळ या भिंतींत बसला. जाणकार या बांधणीला गॉथिक म्हणतात. म्हणोत बापडे. मला तर यात हरिश्चंद्रगडाचं गणगोत दिसतं.

राजाबाई टॉवर 1878 साली पुरा झाला. त्याची नक्षी आहे पोरबंदरच्या दगडात. हा चुनखडक अतिसूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा. डोळ्यांनाही न दिसणारे जीव, त्यांची रिकामी घरं साचत गेली, एकमेकांना बिलगून घट्ट झाली आणि मग कुणा कारागिराच्या छिन्नीखाली त्यांची पानंफुलं झाली. मान वर करून बघताना हात नकळत जोडले जातात. मनोऱ्याच्या पायथ्याशी ओव्हलवर पोरं चिखलात क्रिकेट खेळत असतात. त्यांना याचं काही नाही, आणि तेही बरंच आहे.

ओव्हलसारखी इथली मैदानं म्हणजे कोटाची देणगी. तोफांच्या माऱ्यात आडोसा नको, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी राखलेली. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले; चर्चगेटचा दरवाजा गेला, नाव राहिलं. भीतीपोटी मोकळ्या राखलेल्या त्या जमिनीवर आज दमल्याभागल्या मुंबईला खारा वारा मिळतो.

आणि त्या खाऱ्या वाऱ्यात, क्रॉस मैदानाच्या कडेला, भिखा बेहरामची विहीर. 1725 सालची. समुद्र एवढा जवळ, तरी पाणी गोडं! पारशी भाविक तिथे प्रार्थना करतात. मी रस्त्यावरूनच नमस्कार करतो. भूमीच्या पोटातल्या गोडव्यापुढे वाकायला धर्म कशाला विचारायचा?

तिथून बोरीबंदर. स्टेशनच्या भिंतींवर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी मोर, माकडं, वेली कोरल्या. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत. पण फोर्टातल्या जुन्या इमारतींवर न कोरताच उगवणारा एक कलावंत आहे: पिंपळ. पाखराच्या विष्ठेतलं मोहरीहून बारीक बी छज्ज्याच्या फटीत पडतं, धुळीच्या चिमटीवर रुजतं आणि तांबूस पानं हलवत उभं राहतं. ते काढावंच लागतं, नाहीतर मुळं चिरे उचकटतील. माणसं शिडी लावून काढतातही. कावळे-साळुंक्यांना मात्र कुणी हे कळवलेलं नाही. पिंपळाची फळं पिकली की ते पुन्हा त्याच छज्ज्यावर येऊन बसतात.