कालव्याची गळती आणि माझी विहीर



गेल्या रब्बीत आमच्या तलावाचं पाणी टेलच्या शेवटच्या गव्हापर्यंत पोचलं. दुसऱ्या पाळीला. बारा-तेरा वर्षांनी. त्यासाठी निधी कुठून आणि कसा आणला, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. ते लिहितो. पण आधी एक कबुली द्यायला लागेल, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आमचा तलाव छोटा. सिंचन क्षमता ९० हेक्टर, कालवा साडेतीन किलोमीटर. माझं शेत मधोमध. माझ्या बांधाला लागून कालवा भरावावरून जातो आणि तिथेच एका ओहोळावर मोरी आहे. ती मोरी फुटून किती वर्षं झाली कोण जाणे. भरावाला खेकड्यांची बिळं, वरच्या अंगाला बाभळीची मुळं. कालवा सुटला की तिथून धो-धो पाणी ओहोळात जायचं. आणि माझी विहीर त्या ओहोळाच्या काठावर. एप्रिलपर्यंत पाणी तुटत नसे. लोक म्हणायचे, नशीबवान विहीर आहे. नशीब कसलं, टेलवाल्यांचं पाणी होतं ते.

हे मला माहीत होतं. तरी ग्रामसभेत कालव्याचा विषय निघाला की मी शेवटच्या रांगेत गप्प बसायचो.

टेलला आमचे अण्णा आहेत, माझे चुलतभाऊ, वयाने मोठे. एका डिसेंबरात त्यांचा गहू पोटरीत असताना वाळला. मी सहज म्हणालो, "अण्णा, बोअर तरी घ्यायचा." ते म्हणाले, "दोन घेतले, दोन्ही कोरडे गेले. तुझ्या विहिरीत मोटर टाकू देतोस का? नाहीतरी पाणी आमचंच आहे." हसत म्हणाले, पण मला लागलं ते. रात्री झोप आली नाही.

पहिलं काम : मोजणी

आमच्या गावाने त्याआधी निदान दहा अर्ज दिले असतील. सगळ्यांत एकच वाक्य : कालवा नादुरुस्त आहे, तरी दुरुस्त करून मिळावा. त्यावर कुणी काय करणार? कुठे नादुरुस्त, किती पाणी जातं, किती क्षेत्र भिजत नाही, काहीच नाही.

मग आम्ही मोजलं. पाळी चालू असताना सगळ्यांच्या हातापाया पडून दोन तास चाऱ्या बंद ठेवल्या. कालव्याचा सरळ तुकडा बघून ३० मीटर टेपने मोजला, दोन्हीकडे दोरी बांधली आणि अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली सोडली. मुखाजवळ पाण्याची रुंदी ८० सेंटीमीटर, खोली ३०. बाटलीला ६८ सेकंद लागले. वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात चालतं, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणायचं. हिशोब आला सेकंदाला ९० लिटर. टेलच्या सुरुवातीला रुंदी तेवढीच, खोली २०, वेळ ९५ सेकंद. म्हणजे ४३ लिटर.

अर्ध्याहून जास्त पाणी वाटेतच गायब. सेकंदाला ४७ लिटर म्हणजे दिवसाला ४० लाख लिटर. दहा दिवसांच्या पाळीत ४० हजार घनमीटर. गव्हाला एक पाणी ८ सेंटीमीटरचं धरलं तर हेक्टरी ८०० घनमीटर लागतं. म्हणजे दर पाळीला ५० हेक्टरचं पाणी आम्ही ओहोळात सोडत होतो.

मग कालव्याचे तुकडे पाडून मोजलं. ४७ पैकी २८ लिटर एकाच ४०० मीटरात जात होते. ते ४०० मीटर माझ्या बांधाचे. वहीत तो आकडा मीच लिहिला. अण्णा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत.

दुसरं काम : मालक कोण?

यात आमचं जवळजवळ वर्ष गेलं. आम्ही मोठ्या धरणांच्या ऑफिसात चकरा मारत होतो. तिथे शेवटी एकाने रजिस्टर बघून सांगितलं, हा तलाव आमच्याकडे नाहीच. महाराष्ट्रात साधारण असं आहे : १०० हेक्टरपर्यंत क्षमतेचे तलाव-बंधारे जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे. तेव्हा आधी आपल्या तलावाची क्षमता कागदावर किती आहे ते बघा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नाकारतसुद्धा नाहीत, नुसता पडून राहतो.

तिसरं काम : पैसा कुठल्या खिशात?

आमची समजूत अशी की सरकारकडे एक मोठी तिजोरी असते आणि आमदारसाहेबांनी फोन केला की ती उघडते. तसं नसतं. वेगवेगळे खिसे असतात आणि प्रत्येक खिशातून ठरावीकच काम होतं.

मोरी आणि अस्तरीकरण हे बांधकाम. त्यासाठी जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा पैसा. त्यात लघुपाटबंधाऱ्याच्या कामांसाठी वेगळं लेखाशीर्ष असतं. पण गावाचा अर्ज तिथे थेट चालत नाही. विभागाने अंदाजपत्रक करायचं, तांत्रिक मान्यता घ्यायची, मग प्रस्ताव पुढे. आणि वेळ फार महत्त्वाची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पुढच्या वर्षाचा आराखडा त्याआधी हिवाळ्यातच ठरत येतो. आम्ही पहिल्या वर्षी फेब्रुवारीत जागे झालो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यातच शाखा अभियंत्यांना घेऊन कालव्यावर फिरलो आणि दिवाळीच्या आत अंदाजपत्रक तयार ठेवलं. ४०० मीटर अस्तरीकरण आणि मोरी मिळून साडेअकरा लाख.

कालव्यातला गाळ, गवत, झुडपं काढणं हे मजुरीचं काम. ते रोजगार हमीत बसवलं. तलावातला गाळ काढायला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे, २०१७ साली सुरू झालेली. गाळ शेतात नेणाऱ्यांनी नेला, माझ्या मुरमाड तुकड्यातही पडला. पण गाळाचा पैसा मोरीला चालत नाही आणि मोरीचा गाळाला चालत नाही. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतही बंधित आणि अबंधित असे भाग असतात. सरपंचांना दोष देण्याआधी ते समजून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं, उगाच भांडलो.

एका कंपनीकडेही गेलो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामाला लावावी लागते, एवढं ऐकून होतो. तिथल्या मॅडमनी तीन गोष्टी विचारल्या. मालमत्ता सरकारी आहे, मग विभागाचा ना-हरकत दाखला आहे का? पैसे घेणारी नोंदणीकृत संस्था कोणती? आणि काम झाल्यावर पाच वर्षं ते सांभाळणार कोण? पहिल्याचं उत्तर मिळवता आलं असतं. दुसऱ्याचं अर्धवट होतं. तिसऱ्याचं नव्हतंच. मान खाली घालून परत आलो.

चौथं काम : आपलं घर

आमच्याकडे पाणी वापर संस्था होती, पण कागदावर. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा आहे. त्यात व्यवस्था संस्थेच्या ताब्यात देण्याआधी अधिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून संयुक्त पाहणी करायची तरतूद आहे. पण संस्थेचं ऑडिट झालेलं नसेल, मीटिंग झालेली नसेल, तर कुठल्या तोंडाने पाहणी मागणार?

दिंडोरी तालुक्यातलं वाघाड आम्ही बघून आलो. १९९०च्या सुमारास तिथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केलं. सुरुवात केली टेलच्या लोकांनी. आज सगळ्या प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था वाटतात. येताना गाडीत अण्णा एवढंच म्हणाले, "तिथं टेलवाले आधी उठले. आपल्याकडं मधला उठला तरी चालंल."

परत आल्यावर एकरी ६०० रुपये वर्गणी ठरवली. हेडचे लोक म्हणाले, आम्हाला पाणी मिळतंय, आम्ही का द्यायचे? त्यांचं बोलणं मला कळत होतं, मीही वर्षानुवर्षं तेच मनात म्हणत होतो. मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं की सगळ्यात मोठी गळती माझ्या बांधाला आहे, तिचा फायदा मी घेतलाय, ती बुजली की माझी विहीर उतरणार आहे, आणि तरीही माझी वर्गणी पहिली लिहा. त्यानंतर २२५ पैकी १४० एकरांची वर्गणी जमली. ८४ हजार. सगळ्यांनी दिली नाही, खोटं कशाला सांगू.

त्यातले ३० हजार विभागाला लेखी कळवून भरावाची दोन भगदाडं बुजवायला लावले. बाकी संस्थेच्या खात्यात देखभालीसाठी ठेवले. पासबुकाची झेरॉक्स, मोजणीची वही, फोटो आणि ऑडिट घेऊन पुन्हा सगळीकडे गेलो. या वेळी कंपनीने दोन विमोचकांच्या दरवाज्यांचा खर्च दिला. नियोजनातून मार्चमध्ये अस्तरीकरणाला मंजुरी मिळाली. त्या महिन्यात ज्यांचे कागद तयार असतात, त्यांचं काम आधी होतं, हे डोळ्यांनी बघितलं. मे महिन्यात कालवा कोरडा असताना काम झालं. काँक्रीटला पाणी मारायला आम्ही पाळ्या लावल्या होत्या, अगदी पोरंसुद्धा.

आणि धरणाची गळती?

हे वेगळं सांगतो. कालव्याची गळती पीक वाळवते, धरणाची गळती माणसं मारते. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधी केल्या होत्या. मातीच्या धरणातून थोडं स्वच्छ पाणी झिरपतंच. पण पायथ्याला गढूळ पाणी यायला लागलं, झरा अचानक वाढला, किंवा माथा खचलेला दिसला, तर निधीची वाट बघू नका. तारीख टाकून फोटो काढा, विभागाला आणि तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी द्या, पोच घ्या, आणि खालच्या वस्तीला सांगा.

आता विहीर

यंदा जानेवारीतच माझी विहीर सात फूट खाली होती. कांद्याचं क्षेत्र एक एकराने कमी केलं आणि उरलेल्याला ठिबक केलं. घरात बोलणी खाल्ली. "गावाचं भलं केलंत, आता आपलं कोण करणार?" असं बायको म्हणाली. तिचं चुकलं नाही. नुकसान झालंय, ते मान्य आहे. पण पाळीचं पाणी आता मलाही मोजून आणि ठरल्या दिवशी मिळतं, त्यावर यंदाचा हरभरा निघाला.

काम संपलेलं नाही. मुख्य दरवाजा अजून अर्धाच बसतो, त्याचं अंदाजपत्रक दिवाळीच्या आत करायचंय. देखभालीच्या खात्यात दरवर्षी एकरी २०० रुपये टाकायचं ठरलंय. पहिल्या वर्षी जमले, दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा आहे. ते नाही जमले तर पाच वर्षांत बाभळी पुन्हा उगवतील आणि आम्ही पुन्हा अर्ज घेऊन उभे असू.

ज्यांच्या गावात असं काम राहिलंय, त्यांनी या रब्बीच्या पहिल्या पाळीला बाटली सोडून बघा. आकडा वहीत लिहा. आणि कालव्याची गळती कुणाच्या विहिरीत जाते, तेही बघा. त्या माणसाला टाळू नका, पहिल्या मीटिंगला त्यालाच बोलवा.