खाडा

आमच्या गल्लीत आजारी माणसाची चौकशी करताना "काय होतंय?" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो, "किती खाडे झाले?" इचलकरंजीच्या यंत्रमागावर ज्यांची हयात गेली, त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही.

खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. नोकरदार माणूस तो रजेच्या अर्जात मिटवून टाकतो. मागावर मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. वर आपल्या मागांवर बदली कामगार उभा राहतो. खाडे वाढले की बदलीच कायम होतो आणि आपण दुसऱ्या कारखान्याच्या दारात बदली होऊन उभे राहतो. नेमणुकीचा कागद कुणाकडेच नसतो. मग दाद तरी कशाच्या जोरावर मागायची?

माझे अब्बा तीस वर्षे मागावर होते. बारा तासांची पाळी; एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. धोट्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. घरातही ते मोठ्यानेच बोलत. नव्या शेजाऱ्यांना वाटे, यांच्याकडे सदा भांडण चालते. पण कानांपेक्षा त्यांना झोपेने जास्त छळले. मध्यरात्री उठून बसायचे. अम्मीने विचारले की म्हणायचे, "सूत महागलंय. उद्या माग चालतील का नाही, कुणाला ठाऊक." कष्टाने दमलेले शरीर विश्रांतीने सावरते. या काळजीला मात्र सुटीचा वार नव्हता.

ही केवळ अब्बांच्या स्वभावाची गोष्ट नव्हती. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांची एक पाहणी 1995 साली प्रसिद्ध झाली. आपले खाते खाजगी होणार, एवढे नुसते कानावर आले आणि त्या खात्यातल्या लोकांची प्रकृती इतरांच्या मानाने खालावू लागली. नोकरी जाण्याआधीच तिची धास्ती अंगात उतरली होती. तिकडे निदान पगार महिन्याचा होता. इकडे तर आठवड्याचा हिशेब, आणि त्यातूनही उचल वजा!

2009 साली माझ्या मावसभावाला टीबी झाला. सहा महिन्यांचे औषध. सरकारी दवाखान्यात फुकट. दोन महिन्यांत खोकला थांबला आणि त्याने गोळ्या सोडल्या. औषध फुकट होते. गोळ्या घ्यायला जाणारा दिवस फुकट नव्हता. शिवाय आजाराचे नाव कारखान्यात कळले असते, तर माग हातातून गेले असते. वर्षभरात आजार उलटला. डॉक्टर त्याला अडाणी म्हणाले. मला ते पटले नाही. चार तोंडांचा हिशेब त्याने नीट केला होता. त्या हिशेबात स्वतःच्या फुप्फुसाला जागा उरली नव्हती, इतकेच. आज तो रात्रपाळीचा वॉचमन आहे. जिना चढताना दोनदा थांबतो.

दुःख याचे, की यावरचा उपाय आपल्या देशाला माहीत आहे. 1948 सालच्या कायद्याने आलेली राज्य विमा योजना आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के देते. टीबीसारख्या लांबलेल्या आजारात ऐंशी टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत देण्याची सोय आहे. कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते, की गोळीबरोबर भाकरीही लागते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याला ही योजना लागू होते ती दहा कामगारांपासून. चार-सहा मागांच्या शेडमध्ये दहा माणसे कुठून येणार? आणि जिथे ती असतात, तिथेही सगळ्यांची नावे वहीत चढतातच असे नाही.

नोव्हेंबर 2024 पासून टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. मदत मोलाची आहे. पण एवढ्यावर महिन्याचे घर चालत नाही.

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांतून जकात निघते. आजाऱ्याच्या दवाखान्याचे बिल भरायला लोक मागेपुढे पाहत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते बिल येते माणूस पुरता कोसळल्यावर. त्यातलाच काही भाग खाड्यांची मजुरी म्हणून देता येणार नाही का? पहिले दोन महिने घरात चूल पेटती राहिली, तर पुढचे चार महिने तो गोळ्या घेईल. अर्थात हे ठिगळच. खरे काम आहे ते वहीत नाव लावून घेण्याचे, आणि ते एकट्यादुकट्याने होण्यासारखे नाही. तोवर आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा खाडे जरूर विचारा; मात्र उत्तर ऐकून नुसती मान हलवून परत येऊ नका.