अलकापुरीच्या मोऱ्यांचे पाणी

बडोद्याच्या स्टेशनातून पश्चिमेच्या अंगाने बाहेर पडले की अलकापुरी लागते. कुबेराच्या नगरीचे नाव या वस्तीस शोभते. बडोद्याचे दिवाण रमेशचंद्र दत्त यांच्या नावाचा रस्ता येथेच आहे. पूर्वीच्या बंगल्यांच्या जागी आता उंच इमारती आणि दुकानांच्या रांगा उभ्या आहेत. जुन्या शहराकडून इकडे येताना रेल्वेखालचे गरनाळे लागते. पावसाळ्यात ते तुंबले की सारी वाहतूक अडते. ते गढूळ पाणी पाहताना आमच्या मनात दुसऱ्याच पाण्याचा विचार आला. या इमारतींच्या न्हाणीघरांचे आणि मोऱ्यांचे पाणी रोज किती वाहत असेल!

शहरात अटलादऱ्यासारख्या ठिकाणी महानगरपालिकेची शुद्धीकरण केंद्रे आहेत. तरीही न शुद्ध झालेले पाणी विश्वामित्रीत उतरत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत ही नदी प्रदूषित म्हणून नोंदली गेली आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिच्या पुनरुज्जीवनाचा आदेश दिला.

सांडपाणी शुद्ध करणारा कामगार मात्र प्रत्येकाच्या घरात असतो. मोरीच्या कोपऱ्यात जमणारी बुळबुळ आपण काथ्याने घासून काढतो. काढलीच पाहिजे, नाहीतर पाय घसरून हाड मोडायचे. परंतु ही बुळबुळ म्हणजे जंतूंची वस्ती होय. जंतू एकएकटे तरंगत न राहता दगडाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवतात आणि त्यातच वाढतात. शास्त्रज्ञ याला जैवपटल म्हणतात. खडीच्या ढिगावर सांडपाणी सावकाश शिंपडले की प्रत्येक खड्यावर असे पटल धरते. वरच्या थरातील जंतूंना हवा मिळते. ते पाण्यात विरघळलेली घाण खातात. त्यांचे काही भाईबंद अमोनियाचे नायट्रेट करतात. खोल थरात, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे निराळे जंतू त्या नायट्रेटमधून नायट्रोजन मोकळा करतात आणि तो हवेत निघून जातो. पटल फार जाड झाले की तळाचे जंतू उपाशी मरतात आणि पापुद्रा सुटून पाण्याबरोबर वाहतो. म्हणून पुढे गाळ बसवण्याची टाकी लागतेच.

इंग्लंडातील सॅल्फर्ड येथे १८९३ च्या सुमारास असे खडीचे गाळे प्रथम चालले. जंतूंकडून हे काम करून घेण्याचा प्रयोग त्याच दशकात आपल्या मुंबईतही झाला, तोही माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात. तेथे बंद टाकीत सांडपाणी कुजवून त्याचा वायू वापरण्यात आला. हा आश्रम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते आयुक्त अॅकवर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारे तेच साहेब. पोवाडे आणि सांडपाणी यांची गाठ अशी पडेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढे नागपूरच्या नीरी संस्थेने फायटोरिड ही पद्धत काढली. तीत खडीबरोबर पाणवनस्पती लावतात आणि त्यांच्या मुळांवरही पटल धरते. तिला जागा अधिक लागते. अलकापुरीत आता ती कोठून आणावी? दाट वस्तीतल्या इमारतींना तळघरातील टाकीच परवडते. तीत प्लॅस्टिकच्या जाळीदार चकत्या सोडून खालून हवा फुंकतात आणि जंतू त्या चकत्यांवर राहतात. टाकी लहान असली तर घरोघरच्या संडासांत ओतलेले अॅसिड आणि फिनेल यांनी ही वस्ती मरते आणि मग तळघराला वास सुटतो. रोगजंतू सगळे जात नाहीत, तेव्हा शेवटी क्लोरीन द्यावाच लागतो. एवढे केले की ते पाणी बागेला आणि संडासाच्या टाक्यांना चालते. तेवढे आजव्याचे पाणी वाचते.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली तेव्हा नदी आणि गटार यांत भेद उरला नाही. तेच पाणी लोकांच्या दिवाणखान्यांत शिरले आणि त्याबरोबर मगरीही रस्त्यांवर आल्या. पाणी ओसरल्यावर मगरी नदीत परतल्या. काळ्या घोड्याच्या बाजूने आजही काठ न्याहाळला, तर उन्हात पडलेली एखादी दिसू शकते.