गोठा आणि घर

कोसाडसारख्या ठिकाणी अंगणात गाय बाळगणे हा आता हट्टच म्हणावा लागेल. एकीकडे आगगाडीचे रूळ, दुसरीकडे आवासाच्या इमारती आणि मध्ये आमचा लहानसा गोठा! परंतु खानदेशातून सुरतेस आलेल्या आमच्या घराण्याने तीन पिढ्या हा हट्ट सांभाळला, आणि २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत त्याबद्दल आम्हांस कोणी बोल लावला नव्हता.

त्या वर्षी प्रथम कच्छ-सौराष्ट्रातून लंपी रोगाच्या बातम्या आल्या. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात, म्हणजे आमच्या मूळ मुलखातही जनावरे आजारी पडू लागली. अशात एके सकाळी आमच्या कपिलेने वैरणीस तोंड लावले नाही. अंगात ताप, नाकातून पाणी, आणि दोन-तीन दिवसांत मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सुपारीएवढ्या गाठी. पाठोपाठ तिचे वासरूही पडले.

त्याच आठवड्यात आमच्या सात वर्षांच्या नातीस ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखते, हातपाय ठणकतात, म्हणून ती रात्रभर कण्हत राहिली. रक्त तपासले, डेंग्यू निघाला.

मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. गाईचा रोग पोरीला लागला! एका वृद्ध शेजारणीने तर कळवळून विचारले, “वहिनी, पोर मोठी की गाय मोठी?” ह्यावर आम्ही काय बोलणार? १९९४ साली प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून पळताना आम्ही पाहिली होती. रोगाआधी भय पोहोचते, हे आम्हांस ठाऊक होते. तरी स्वतःवर वेळ येताच आम्हीही घाबरलो. दूध मोरीत ओतले, आणि कपिलेस पांजरपोळात धाडण्यासाठी टेम्पो सांगून ठेवला.

टेम्पोच्या आधी जनावरांचे डॉक्टर आले, हे आमचे भाग्य. ते म्हणाले, “आजारी जनावर हलवाल, तर वाटेतल्या गोठ्यांना रोग वाटत जाल.” लंपीचा विषाणू शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या कुळातला. १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, हा रोग प्रथम आढळला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडी तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. माणसास मात्र तो होत नाही. दूध उकळून प्यावे, एवढेच.

“पण डासांमुळे जनावरांचा रोग माणसांना होतच नाही का?” आम्ही विचारले. होतो, असे त्यांनी सांगितले. आफ्रिकेतील रिफ्ट व्हॅली ज्वर मेंढ्या, गाईगुरे आणि माणसे ह्या सर्वांस गाठतो. २००० साली तो समुद्र ओलांडून सौदी अरेबिया व येमेनमध्ये पोहोचला होता. आपल्याकडील जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, आणि भातखाचरांतले डास तो माणसांत आणतात. गाईलाही ते डास चावतात. परंतु तिच्या रक्तात तो विषाणू पुरेसा वाढत नसल्याने तिच्यापासून पुढे पसरत नाही. शहरातल्या डेंग्यूला तर जनावर लागतच नाही. माणसाकडून डासात आणि डासातून पुन्हा माणसात, एवढाच त्याचा प्रवास.

मग आमच्या घरी तो डास आला कोठून? दुसऱ्या दिवशी महापालिकेचा आरोग्यसेवक आला. त्याने विजेरी थेट गोठ्यामागच्या सिमेंटच्या कुंडीत धरली. कपिलेसाठी आम्हीच भरून ठेवलेल्या त्या स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या! डेंग्यूच्या डासास असेच साठवलेले पाणी आवडते, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गाय निर्दोष होती. दोष आमच्या आळसाचा होता. त्या क्षणी आम्हांस कपिलेच्या डोळ्यांकडे पाहवेना.

टेम्पो परत पाठवला. कपिलेस वेगळे बांधले, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर केला, मच्छरदाणी लावली. सहाव्या दिवशी नात रुग्णालयातून घरी आली. तीन आठवड्यांनी कपिला सावरली. दूध मात्र निम्म्यावर आले. वासरू वाचले नाही. नातीने त्याचे नाव ठेवले होते, आणि बरे वाटू लागताच तिने पहिली चौकशी त्याचीच केली. आम्ही खरे ते सांगितले.

आता दर रविवारी आम्ही कुंडी रिकामी करून काथ्याने घासतो. नुसते पाणी ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. हे त्या वृद्ध शेजारणीस सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांच्या दारातले निळे पिंप उपडे घातलेले दिसले, आणि संध्याकाळी त्यांचा नातू दुधाची बरणी घेऊन आमच्या ओट्यावर उभा होता.