आमची नवी सायकल

चाळिशी उलटलेल्या शिक्षकानें नवें घड्याळ घेतलें, नवा चष्मा घेतला, फार काय, कर्ज काढून घरावर मजला चढविला, तरी कोणी त्याजकडे खुलासा मागत नाहीं. परंतु घरीं एक धडधाकट सायकल असतां त्यानें दुसरी घेतली, आणि तीहि एक लाख चाळीस हजार रुपयांची, म्हणजे मात्र त्याला घरीं, दारीं, शिक्षकांच्या खोलींत आणि रविवारीं उपासनेनंतर मंदिराच्या पायऱ्यांवरहि जबाब द्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यापूर्वीं आम्हीं अशी सायकल घेतली. तेव्हांपासून दिलेले जबाब एकत्र करून या वार्षिकांत द्यावे, अशी संपादक मंडळींची सूचना आली, ती आम्हांस मान्य झाली. कारण एकच गोष्ट वीस जणांस वीस वेळां सांगण्यापेक्षां ती एकदां छापून टाकणें बरें.

जुनी सायकल ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. सात वर्षें तिनें आम्हांस धारणीहून हरिसाल, हरिसालहून सेमाडोह, आणि प्रकृति ठीक असल्यास तेथून घाट चढून चिखलदऱ्यापर्यंत नेलें. तिचें वजन १० किलो ४०० ग्रॅम. नवी सायकल कार्बनची; तिचें वजन ८ किलो ९०० ग्रॅम. "अहो, पहिली कोठें थकली आहे? थकलांत ते तुम्ही," असें आमचें कुटुंब म्हणालें, आणि या वाक्यांत तथ्य असल्यामुळेंच आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं. पैसा कर्जाचा नव्हता. दशमांश बाजूस काढून व मुलांच्या शिक्षणाची तजवीज करून जें उरे, त्यांतून सहा वर्षें थोडें थोडें टाकलेलें होतें, एवढें सांगून तो विषय मिटवितों.

आतां दीड किलोचा प्रताप किती, हें मोजून पाहूं. आमचें वजन ६८ किलो. पाणी, पंप, पाना, डबा मिळून ३ किलो. जुनी सायकल धरून एकूण ८१ किलो ४०० ग्रॅम. त्यांतून दीड किलो गेलें म्हणजे शेंकडा दोनहून किंचित् कमी. चढावर मनुष्याची शक्ति बहुतेक वजन उचलण्यांत खर्च होते, म्हणून वेळहि सुमारें त्याच प्रमाणांत वांचतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच. सेमाडोहहून तेथें चढावयास आम्हांस दोन तास लागत. आतां दोन मिनिटें कमी लागतात. सपाट रस्त्यावर खरा शत्रु वारा. त्याच्याशीं झुंजतांना या दीड किलोचा उपयोग जवळजवळ शून्य. आणखी एक गंमत अशी कीं, पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरल्या म्हणजे त्यांतील पाणी बरोबर दीड किलो भरतें. जें हलकेपण आम्हीं लाखावर रुपये मोजून घेतलें, तें मे महिन्यांत मेळघाटांत निघणारा कोणीहि शहाणा मनुष्य पाण्याच्या रूपानें पुन्हां सायकलीवर चढवितो. पाणी टाकून हलकें होण्याचा मार्ग या भागांत कोणी पत्करूं नये.

ज्यांचा प्रवास तासांचा नसून दिवसांचा असतो, त्यांची गोष्ट वेगळी. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधु २०१५ सालीं 'रेस अक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या चमूनें नऊ दिवसांच्या आंत पुरी करून आले. त्यांच्या चमूच्या नांवांत 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' हे शब्द होते, म्हणून आदिवासी मुलखांत राहणाऱ्या आम्हांस त्यांचें विशेष कौतुक. पुढें २०१७ सालीं आमच्या विदर्भांतील नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यांतील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीं तीच शर्यत प्रत्येकीं एकट्यानें, बारा दिवसांच्या आंत संपविली. अशा प्रवासांत शेंकडा एक वेळ वांचला तरी झोपेचे दोन-तीन तास हातीं येतात. आमची मजल ब्रेव्हेपर्यंतच. तेथें २०० किलोमीटरांस साडेतेरा तासांची मुदत असते. तीं गांठतांना मिनिटांपेक्षां पाठीचा कणा शाबूत राहण्याची काळजी अधिक.

मुलांनीं नव्या सायकलीचें नांव 'कोळशाची सायकल' असें ठेविलें आहे, व तें शास्त्रदृष्ट्या फारसें चूक नाहीं. एडिसननें १८७९ सालीं विजेच्या दिव्यासाठीं सुती दोऱ्याचा कोळसा करून तंतु काढला. १९६१ सालीं जपानचे अकिओ शिंदो यांनीं पॉलिॲक्रिलोनायट्राइल नांवाच्या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचा तंतु करण्याची रीत काढली, आणि १९६३ सालीं इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेंत तो चांगला बळकट करण्यांत यश आलें. धागा प्राणवायु लागूं न देतां हजार अंशांहून अधिक तापवितात. इतर द्रव्यें उडून जातात, व केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक काळा तंतु उरतो. असे हजारों तंतु राळेंत भिजवून त्यांचे पट्टे साच्यांत एकावर एक, निरनिराळ्या दिशांनीं बसवितात आणि उष्णतेनें पक्के करितात. तंतूच्या दिशेनें ताकद अफाट, आडवी ताकद बेताची. म्हणून कोणता पट्टा कोठें व कसा लावावा यांतच सारी कारागिरी. पोलाद पाण्याच्या सुमारें पावणेआठ पट जड, ॲल्युमिनियम सुमारें पावणेतीन पट, आणि हें द्रव्य अवघें दीडपटीहून थोडें अधिक. १९८६ सालीं अमेरिकेचा ग्रेग लेमंड कार्बनच्या सायकलीवर 'टूर द फ्रान्स' जिंकला, तेव्हां ही वस्तु थोरामोठ्यांची होती. आज ती धारणीच्या एका शिक्षकाच्या ओटीवर उभी आहे.

मात्र 'स्वस्त कार्बन' या शब्दांचा अर्थ दुकानदार सांगत नाहीं, तो आम्ही सांगतों. ठरलेल्या किंमतींत सांगाडा महाग घातला कीं बाकीचें सारें स्वस्त घालावें लागतें. चाकें जड, गिअर आमच्या पूर्वीच्याच दर्जाचे, हँडल व बैठकीची दांडी ॲल्युमिनियमचीच. त्याच पैशांत मिश्रधातूची नवी सायकल घेतली असती तर चाकें व गिअर एक पायरी वरचे मिळाले असते. शिवाय जुन्या सायकलीचा पुढचा फोर्क आधींच कार्बनचा होता. तेव्हां हातांचे धक्के कार्बन शोषून घेतो, ही त्याची कीर्तीहि आमच्या घरांत नवी नव्हती.

मग सुख कशांत वाढलें? टायरांत आणि ब्रेकांत. जुन्या सांगाड्यांत २५ मिलिमीटरांहून रुंद टायर मावत नसे. नव्यांत ३२ चा बसतो. रुंद टायरांत हवा कमी दाबानें भरतां येते, आणि रस्त्याचे धक्के तो टायर आपल्या पोटांत घालतो. पहिल्या पावसानंतरचे आमचे रस्ते ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याहून अधिक सांगणें नको. पूर्वी संध्याकाळीं पाठ धरी, आतां धरीत नाहीं. तीच गोष्ट डिस्क ब्रेकांची. जुने ब्रेक चाकाच्या कडेवर रबर दाबून थांबवीत; श्रावणांत घाट उतरतांना तें रबर आधीं कडेवरचें पाणी पुसी आणि मग थांबवी, आणि त्या मधल्या क्षणांत वळणावर एखादा रानगवा किंवा एस. टी. समोर आली म्हणजे मनुष्यास प्रार्थनेची आठवण होई. हीं दोन्ही सुखें मिश्रधातूच्या नव्या सायकलींतहि मिळतात. लोक जें श्रेय कार्बनला देतात त्यांतील बरेंचसें रबराचें आहे, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे.

हिची निगाहि नाजूक. धातूला पोंचा आला तर तो दिसतो. कार्बनच्या आंत थर सुटले तरी वरचा रंग तसाच हंसरा. म्हणून कोठें आपटली कीं नाण्यानें टकटक करून ऐकावें लागतें. बाजारांत माठ घेतांना आयाबाया बोटानें वाजवून पाहतात, तोच प्रकार. आवाज खणखणीत तर माल शाबूत, बद्द आला तर संशय. स्क्रू किती आवळावा हेंहि मोजून ठरलेलें, पुष्कळदां पांच न्यूटन-मीटर. अंदाजानें पाना फिरविणाऱ्या मिस्त्रीच्या हातीं ती देतां येत नाहीं, मोजमापी पाना आपणच बाळगावा लागतो. जुनी सायकल आम्ही एस. टी.च्या टपावर दोरीनें बांधून अमरावतीस नेत असूं. नवीला तें भाग्य नाहीं.

सर्वांत कठीण जबाब मात्र वर्गांत द्यावा लागला. नववींत वरील दीड किलोचें गणित फळ्यावर मांडलें असतां एका कोरकू मुलीनें सायकलीची किंमत विचारली. आम्हीं सांगितली. मानव विकास कार्यक्रमांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठीं जी रक्कम मिळते, ती २०२२ सालीं ३,५०० वरून ५,००० रुपये झाली, हें तिला ठाऊक होतें. तिची स्वतःची सायकल त्याच पैशांतली. तिनें वहींत भागाकार केला आणि उभी राहून म्हणाली, "सर, तुमच्या एका सायकलींत आमच्या अठ्ठावीस सायकली येतात."

तिच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती. उत्तर बरोबर आल्याचा आनंद होता. वर्गांत मुलीच सतरा. आम्हीं 'बरोबर' म्हटलें आणि तो आंकडा फळ्यावर दीड किलोच्या शेजारीं लिहिला. तास संपेपर्यंत तो तेथेंच राहिला. रविवारीं कारभारीपणाविषयीं शिकविणाऱ्या माणसास सोमवारीं भागाकार नाकारतां येत नाहीं. शिक्षकानें हौस करूंच नये, असें मात्र आम्ही मानीत नाहीं. ज्याला स्वतःला कशाचेंच वेड नाहीं तो मुलांना कसलें वेड लावणार? पण हें उत्तर अठ्ठावीसच्या शेजारीं ठेवून पाहिलें, तर दोन्ही खरीं दिसतात, आणि एकानें दुसरें खोडलें जात नाहीं.

मधल्या सुटींत मुलींनीं सायकल पाहिली. एका हातानें उचलली, मग दोन बोटांवर उचलली, पुष्कळ हंसल्या. तीच मुलगी मागच्या बाजूस वांकून म्हणाली, "सर, हिला कॅरिअर नाहीं? दळण कोठें बांधतां?" कॅरिअर नाहीं, आणि या सांगाड्यावर बसवितांहि येत नाहीं, असें आम्हांस सांगावें लागलें.

जुन्या सायकलीस मात्र कॅरिअरसाठीं भोंकें होतीं. सात वर्षें तीं रिकामीं राहिलीं. तिला पंधरा हजार देणारें गिऱ्हाईक अमरावतीस तयार होतें. आम्हीं ती दहावीच्या एका मुलास दिली. तो आठ किलोमीटरांवरच्या ढाण्यांतून येतो, कधीं पायीं, कधीं मिळेल त्या वाहनानें. तिला कॅरिअर बसविलें, घंटी बसविली, मागें चिखल उडूं नये म्हणून पत्र्याचें मडगार्ड बांधलें. वांकलेल्या हँडलच्या शर्यती सायकलीवर ज्वारीचें पोतें पाहून शहरांतील हौशी मंडळी कपाळाला हात लावतील. परंतु तो मुलगा आतां पहिल्या तासास वेळेवर असतो. अडचण एकच. तिचे टायर बारीक, वाट दगडांची, आणि ट्यूबला जो बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह लागतो तो आमच्या ओळखीच्या दुकानांत मिळत नाहीं. महिन्यांतून एकदां आमचें अमरावतीस जाणें होतें, तेव्हां आम्ही चार ट्यूबा आणतों. दोन त्याच्या मापाच्या, दोन आमच्या. गेल्या खेपेस चारहि त्याच्याच आणाव्या लागल्या.