फाइव्ह स्टार द्या ना, मॅडम

हे वाक्य आता सर्व्हिसिंगचाच भाग झालंय. एसीवाला जाळी धुतो, परत बसवतो, हात पुसतो आणि मोबाइल पुढे करतो. त्यावर क्यूआर कोड. "फाइव्ह स्टार द्या ना, मॅडम. दोन शब्द लिहा आणि माझं नावपण टाका." तो समोर उभा असतो. काम नीट झालंय की नाही हे कळायला अजून दोन रात्री जायच्या असतात. तरी आपण पाच चांदण्या दाबतो, "गुड सर्व्हिस" लिहितो आणि दार लावतो.

मी नेरूळला राहते. गेली काही वर्षं आसपासच्या खानावळी, हॉटेलं, लाँड्री, गॅरेज, एसीवाले, पेस्ट कंट्रोलवाले यांच्याबद्दल नियमित लिहिते. कुणी पैसे देत नाही आणि मी घेतही नाही. घरचे म्हणतात, तुला काय पडलंय? तेच आज जरा सविस्तर सांगते, कारण हा मला फक्त "ग्राहक जागृती"चा प्रश्न वाटत नाही.

गिरगावात किंवा पुण्याच्या पेठेत नवीन माणूस राहायला गेला की शेजारची आजी सांगायची, त्याच्याकडे शिवायला टाकू नकोस, कापड मारतो. एवढं सांगायला त्या आजीच्या मागे चाळीस वर्षांचा अनुभव असायचा. आपल्याकडे ती आजी नाही. सिडको स्थापन झाली १९७० साली, शहर आधी कागदावर आखलं आणि मग माणसं आली. मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये, महापालिकाही त्याच वर्षी. आपण बहुतेक जण कुठून ना कुठून आलेलो. सेक्टर १० विचारलं तर आधी सांगावं लागतं वाशीचा की नेरूळचा. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात, दुकानांच्या पाट्या त्याहून लवकर. अशा गावात कोण चोख काम करतो याची आठवण ठेवणार कोण? आधी वॉचमन आणि कामाच्या मावशी ठेवायच्या. मग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आला ("अर्जंट प्लंबर हवा, चांगला"). आता ती आठवण फोनमधल्या नकाशावर त्या चांदण्यांच्या खाली साठते. ती नासली तर आपल्याकडे दुसरी नाही.

आणि ती नासतेय.

माझाच अनुभव सांगते. कंपनीचं नाव इथे घेत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाही. मे महिन्यात एसी थंड करेना म्हणून नकाशावर ४.८ दिसणाऱ्यांना बोलावलं. मुलगा आला, पाच मिनिटांत म्हणाला, "गॅस संपलाय." २,८०० रुपये घेतले, गॅस भरला. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं, वयस्कर गृहस्थ. त्यांनी साबणाचं पाणी करून जॉइंटवर लावलं आणि बुडबुडे दाखवले. नट घट्ट केला, गॅस पुरेसा केला, बिल आधीच्यापेक्षा कमी.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय वरून भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. तुमच्याकडे कुणी दर उन्हाळ्यात "गॅस भरावा लागेल" म्हणत असेल तर पहिला प्रश्न विचारा, गळती कुठे आहे ते दाखवा.

मी एवढंच लिहिलं: तारीख, काय सांगितलं, किती घेतले, तीन आठवड्यांनी काय निघालं. सोबत बिलाचा फोटो, फोन नंबर झाकून. दुसऱ्या दिवशी फोन. आधी गोड: "मॅडम, पूर्ण पैसे परत देतो, फक्त रिव्ह्यू काढा." मी म्हटलं, पैसे दिलेत तर तेही खाली लिहीन, पण आधीचं काढणार नाही. मग आवाज बदलला: "बदनामीची केस होऊ शकते." होऊ शकते, खरंय. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये सार्वजनिक हितासाठी सांगितलेल्या सत्याला अपवाद आहे. म्हणून "चोर", "लुटारू" असले शब्द मी कधी लिहीत नाही. झालेली गोष्ट लिहायची आणि बिल जपून ठेवायचं. केस झाली नाही, पैसेही आले नाहीत. त्यांनी खाली उत्तर दिलं, "ग्राहकाचा गैरसमज झाला." ठीक आहे. वाचणारे दोन्ही वाचतील.

पुढची गंमत बघा. त्यानंतरच्या दोन दिवसांत त्यांच्या पानावर अकरा फाइव्ह स्टार आले. "नाइस सर्व्हिस", "व्हेरी पोलाइट", "बेस्ट इन नवी मुंबई". एकातही कोणतं मशीन, काय बिघडलं, किती घेतले यातलं काही नाही. विकतचे रिव्ह्यू ओळखायचे असतील तर हीच खूण. खऱ्या गिऱ्हाइकाला बारकावे आठवतात.

पाण्याच्या मशीनवाल्यांचा प्रयोग तर तुम्ही पाहिलाच असेल. दोन ग्लास. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतात. नळाचं पाणी तांबूस-काळपट गढूळ होतं, त्यांचं स्वच्छ राहतं. बघणारा हबकतो. खरं तर ती घाण कांडीच्या लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आपल्या महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, असं भाग्य फार थोड्या महापालिकांना आहे, आणि आपण मात्र कांडीला घाबरून हप्त्यावर मशीन घेतो! आधी नळाच्या पाण्याचा आकडा मोजून घ्या, मग ठरवा. या प्रयोगावर मी तीन ठिकाणी सविस्तर लिहिलंय. आजवरचं सगळ्यात उपयोगी पडलेलं लिखाण तेच असावं.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त टोचते.

नेरूळच्या आसपास करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे ही गावठाणं आहेत. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं त्यांतली. अशाच एका गावठाणात एक ताई खानावळ चालवतात. सहा टेबलं, तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, सुकट, मिळाला तर जिताडा. त्यांच्या पानावरचे एक स्टारचे रिव्ह्यू मी वाचले. एक: "पार्किंग नाही." गावठाणातल्या गल्लीत पार्किंग! दुसरा: "माशांचा वास येतो." तिसरा जुलैमधला: "ताजी मासळी नव्हती, फक्त सुकी." अहो, १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत जो तुम्हाला "आजच आलेलं पापलेट" देतो, प्रश्न त्याला विचारायला हवा. ताईंनी खरं सांगितलं म्हणून त्यांना एक स्टार.

हिशेब करून बघा. समजा एखाद्या खानावळीला बारा रिव्ह्यू आहेत, सरासरी ४.५. एक जण पार्किंगवर चिडून एक स्टार देतो, सरासरी थेट ४.२. मॉलमधल्या साखळी हॉटेलला तीन हजार रिव्ह्यू असतात, तिथे तुमच्या रागाने काही हलत नाही. अमेरिकेत सिॲटलच्या रेस्टॉरंटांवर हार्वर्डच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये अभ्यास केला होता. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. पण हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होता, साखळीवाल्यांवर नाही. म्हणजे आपली चांदणी लागते ती लहान माणसालाच.

तेच ॲपवरून येणाऱ्या मुलींचं. वॅक्सिंगला आलेली मुलगी ट्रॅफिकमुळे वीस मिनिटं उशिरा येते, आपण तीन स्टार देतो आणि विसरतो. २०२३ मध्ये अशा ॲपवर काम करणाऱ्या बायकांनी काही शहरांत आंदोलनं केली. रेटिंग ठरावीक आकड्याखाली गेलं की कामाचं खातंच बंद होतं, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. आपल्याला वाटतं ४ म्हणजे चांगले मार्क. तिथे ४ म्हणजे नापास.

सरकारचं लक्षच नाही असं नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे भारतीय मानक आलं, पण ऐच्छिक म्हणून. ऑनलाइन विकणाऱ्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहू नयेत, हा नियम २०२० पासून आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री नियमाने बंद आहे. आपल्याकडे काउंटरवर खुशाल पाटी असते, "फाइव्ह स्टार द्या, गुलाबजाम फ्री." (गुलाबजाम मी पैसे देऊन खाते.)

आणखी एक. रिव्ह्यू म्हणजे तक्रार नव्हे. जेवणात झुरळ निघालं तर फोटो टाकून मोकळं होऊ नका. हॉटेलच्या बिलावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापणं २०२२ पासून बंधनकारक आहे. तो घ्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला ते बंद करायला सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ऐकलं नाही तर १९१५. वाढणाऱ्या पोराशी भांडू नका, बिल तो बनवत नाही.

मी स्वतः कशी लिहिते? घरी येऊन, दोन दिवसांनी. कोणत्या दिवशी गेले, काय मागवलं, किती पैसे, काय आवडलं, काय नाही. समोर उभ्या माणसाच्या फोनवर नाही. त्याला सांगते, "दादा, परवा एसी नीट चालला तर नक्की लिहीन," आणि लिहिते. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण चांगलं काम झालं की आपण गप्प बसतो. साबणाच्या पाण्याने गळती शोधणाऱ्या त्या काकांच्या पानावर माझ्याआधी दोनच रिव्ह्यू होते. आता नऊ आहेत, आणि सात जणांनी गळती कुठे होती तेही लिहिलंय.

असो. नेरूळ-सीवूड्सकडे जुना मिक्सर दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? "नवीन घ्या" म्हणणारे चार भेटले. किती घेतले आणि मिक्सर अजून चालतोय का, तेवढं लिहा.